पुलाच्या नोटेची उजवी बाजू

मी एक नोट बोलते आहे. बोलताना माझा आवाज कापतो, त्याकडे फार लक्ष देऊ नका. तो पहिल्यापासूनच तसा आहे. आणि मी सांगते ते सगळं बरोबरच असेल असंही धरून चालू नका. माझ्या अंगावर मधोमध एक उभा जोड आहे. जोडाच्या डावीकडे जी आहे ती मी. उजवीकडे आहे ती दुसरीच कोणीतरी. इतकी वर्षं आम्ही एकाच अंगानं जगतोय, तरी अजून मला 'आम्ही' म्हणायचा धीर होत नाही.

तुमच्या खिशातली नोट मला ओळखणार नाही. तिच्यामागे अख्खं सरकार उभं असतं, त्यामुळे ती निर्धास्त चुरगळते. माझ्या काळी गावोगावच्या खाजगी बँका आपापल्या नोटा छापत. माझ्यामागे होता फक्त एक माणूस. माणूस तसा चांगला होता, चांदीच्या मुठीची काठी घेऊन फिरायचा. पण रात्री त्याला झोप लागत नसे, हे मला ठाऊक होतं.

माझा जन्म चिंध्यांचा. जुने सदरे, फाटकी चादर, कोणाच्या तरी बाळाचं दुपटं, असं सगळं भिजवून, कुटून त्याचा लगदा केला आणि त्यातून मी कागद होऊन बाहेर आले. मग एका कोरीव काम करणाऱ्यानं तांब्याच्या पत्र्यावर आमच्या गावचा पूल कोरला. नदी, तिच्यावरच्या कमानी आणि पुलाच्या उजव्या टोकाला जकातीची छोटी चौकी. चौकीच्या दारात ठिपक्याएवढा माणूसही त्यानं काढला. त्या चित्रामुळे आम्हाला सगळे पुलाची नोट म्हणत.

पुलाखाली वळणदार अक्षरं होती: 'मागेल त्याला, मागेल त्या क्षणी, दहा सोन्याची नाणी देण्याचं वचन.' वचनाची सुरुवात डावीकडे, मालकाची सही उजवीकडे. नंबर मात्र दोन्ही कोपऱ्यांत, शाईनं, हातानं घातलेला. तो दोनदा का घालतात, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

माझ्यावरची सही वाळत होती तेव्हा बँकेचा रोखपाल मालकाला हळूच म्हणाला, "साहेब, तिजोरीत नाणी आहेत त्याच्यापेक्षा नोटा बऱ्याच जास्त झाल्या आता."

"असू दे की. सगळे एकदम थोडेच येणार आहेत मागायला!"

"आणि आले तर?"

"तुम्ही ना, लग्नात गेलात तरी आधी अंत्ययात्रेची वाट विचाराल."

रोखपाल हसला नाही. मीही हसले नाही. शाई ओली असतानाच मला धास्ती बसली, ती आजतागायत गेलेली नाही. विचार करा, तुम्ही बोलायला शिकण्याआधी कोणी तुमच्या तोंडात एक वचन घालून ठेवलं आणि ते पाळायची ऐपत आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. मला माणसांच्या हाताची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती त्यांच्या विश्वासाची.

आणि विश्वास तर लोक भरभरून ठेवत. कोणी मला उजेडासमोर धरून पाही, कोणी नाकाशी नेऊन वास घेई. एक खाटीक माझी घडी मोज्यात ठेवायचा. ते दिवस आठवले की अजून जीव घाबरा होतो. एका शिक्षिकेनं मला आरशामागे दडवलं आणि मग रोज आरशात केस विंचरता विंचरता माझ्याशीच बोलल्यासारखं पुटपुटायची, "आहे ना गं जागेवर?" मी आहे म्हणायची. नुसतं जागेवर असणं मला जमत होतं. पुढचं काही विचारू नये, एवढीच माझी इच्छा.

गावाबाहेर गेलं की आमची किंमत उतरायची. "पुलाची? मग थोडे कमी देईन," असं दुकानदार म्हणायचा आणि माझा चेहरा पडायचा. पण तो दुकानदार मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटे. त्यानं निदान शंका तरी घेतली.

फिरत फिरत मी बंदरावर पोहोचले. तिथे जहाजं बांधण्याच्या आवारात आमच्याच गावचे दोन गडी कामाला होते. एक सुतार आणि दुसरा जहाजाच्या फटींत डांबर भरणारा. त्याला सगळे डांबऱ्याच म्हणत, तोही त्याला ओ देई. कंत्राटदारानं हंगामाचा हिशेब करताना दोघांच्या हातात एकेक पुलाची नोट ठेवली. सुताराला मी मिळाले. डांबऱ्याला माझ्यासारखीच दुसरी.

सुताराची थोरली बहीण गावात कापड रंगवायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं धंदा सांभाळला होता. तिची शेड भाड्याची, आणि जागेवाल्यानं सांगितलं होतं, पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत दहा नाणी दे आणि शेड तुझ्या नावावर करून घे, नाही तर मी ती गुरांच्या व्यापाऱ्याला विकतो. रंगाचे हौद जमिनीत बांधलेले असतात, ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. शेड गेली की रंगारीण संपली. म्हणून सुतार मला तिच्याकडे पाठवणार होता.

डांबऱ्याला आपल्या म्हाताऱ्या बापाला बंदरावर आणायचं होतं. बाप जन्मभर पुलावर जकात गोळा करायचा. माझ्या चित्रातल्या चौकीच्या दारातला तो ठिपका म्हणजे तोच, असं तो सगळ्यांना सांगे आणि कोणी नाही म्हणत नसे.

त्या काळी टपालगाडी वाटेत लुटली जाई. म्हणून लोक नोट मधोमध कापत. आधी एक अर्धी बाजू पाठवायची, ती पोहोचल्याचा निरोप आला की मग दुसरी. चोराच्या हाती एकच अर्धी लागली तर ती त्याला काही कामाची नाही. घरी दोन्ही बाजू आल्या की नंबर जुळवून चिकटवायच्या. सरळ कापलं तर कोणतीही बाजू कोणालाही लागेल, म्हणून कापायचं नागमोडी. रीत शहाणपणाची आहे, हे मी मान्य करते. पण ज्याला कापायचं आहे त्यालाही कधी विचारून बघावं.

सुतारानं मला फळीवर ठेवलं आणि शिडाचं कापड कापायची मोठी कात्री घेतली.

"अरे, किती वेळ लावतोस!" डांबऱ्या म्हणाला. "नोट कापतोयस की नवरीचा झगा बेततोयस?"

"वाकडंतिकडं कापायला पाहिजे ना. एकीचं वळण दुसरीला लागू नये म्हणून."

"मग माझीपण हिच्यावरच ठेव आणि काप दोन्ही एकदम. मला तेवढाच त्रास वाचेल."

सुतार एरवी लाकूड दहादा मापून मग करवत लावणारा माणूस. पण त्या दिवशी कंटाळला होता, की मित्राचं मन मोडवेना, कोण जाणे. त्यानं दुसरी नोट माझ्यावर ठेवली, कडेला कड जुळवली आणि कात्री चालवली. दोघींच्या अंगावरून एकच वळण गेलं, तंतोतंत.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. मला नीट सांगता येणार नाही. एका क्षणी मी एक वचन होते आणि दुसऱ्या क्षणी मी फक्त 'मागेल त्याला, मागेल' इथपर्यंत होते. पुढचे शब्द पलीकडे पडले होते. मी त्यांना दिसत होते, ते मला दिसत होते, आणि मध्ये फळीवर करवतीचा भुसा.

डाव्या बाजू आधी निघाल्या. टपालाच्या पोत्यात अंधार होता आणि वर कोणाच्या तरी लग्नाच्या आमंत्रणाचं ओझं. गाडी जरा हिसकली की मला वाटायचं, आले चोर. मग वाटायचं, चोर आले तर बरंच. निदान मागेल त्याला तोंड द्यायला नको. असे भित्रे विचार मनात आले की मी स्वतःलाच रागावायची.

उजव्या बाजू बंदरावर सुताराच्या तंबाखूच्या डबीखाली राहिल्या. घरून निरोप आले तेव्हा दोघं मित्र जेवून उठले होते. डांबऱ्यानं डबी उचलली, वरची बाजू स्वतः घेतली, खालची सुताराला दिली. दोघांनी चित्र पाहिलं: पुलाचं टोक, चौकी, ठिपका. बरोबर आहे. नंबराकडे कोणी पाहिलं नाही. वळण तर काय, एकाच कात्रीचं. दोन्ही बाजू तशाच टपालात पडल्या.

हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे अंगावरच आलं.

रंगारीणबाईंचं अंगण हौदांनी भरलेलं होतं, दोऱ्यांवर ओली कापडं. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. डांबऱ्याचा बाप आपल्या दोन्ही अर्ध्या घेऊन तिथेच आला होता, कारण चिकटवायला त्यांच्याइतकी चांगली खळ गावात कोणाकडे नव्हती.

"ये काका, बैस. तुझीपण लावून देते."

"लाव, लाव. पण माझी चौकी वाकडी लावू नकोस हं. छप्पर मी स्वतः शाकारलंय."

"चित्रातलं?"

"चित्रातलंसुद्धा माझंच समज."

त्यांनी मला पाटावर, खळ लावलेल्या कागदाच्या पट्टीवर ठेवलं आणि शेजारी उजवी बाजू सरकवली. वळणात वळण अगदी चपखल बसलं. पण ती माझी नव्हती! तिची शाई जरा फिकी होती. माझी उजवी बाजू समोरच म्हाताऱ्याच्या मांडीवर पडली होती, आणि तिच्या शेजारी परकी डावी बाजू येऊन बसत होती. मी किंचाळले. कागद किंचाळला तर कसा आवाज येतो, माहीत आहे? सुकताना जरासा येतो तसा. बाई म्हणाल्या, "वा, सुकतेय छान," आणि जोडावर अंगठा दाबला. निळा ठसा उठला. मग म्हाताऱ्याच्या नोटेवरही तसाच एक.

बाई अडाणी नव्हत्या, आकडे त्यांना येत होते. पण एका बाजूला रंग उतू जात होता, दुसऱ्या बाजूला म्हातारा छपराच्या गोष्टी सांगत होता, आणि चित्र तर बिनचूक जुळलं होतं. तुम्ही तरी पाहिलं असतंत का नंबर? मी कोणाला दोष देत नाही. फक्त घाबरले.

आता माझ्या डाव्या कोपऱ्यात एक नंबर होता आणि उजव्या कोपऱ्यात दुसरा. ज्याच्या हातात मी जाईन तो एक दिवस नीट बघेल आणि ओरडेल: खोटी! आणि मी काय उत्तर देणार? मला स्वतःलाच खात्री नव्हती.

बाजाराच्या दिवशी सकाळी रंगारीणबाई मला घेऊन जागेवाल्याकडे गेल्या. त्यानं मला चिमटीत धरलंसुद्धा नाही.

"पुलाची नको."

"म्हणजे? काल तर तुम्हीच म्हणालात, नोट चालेल."

"काल चालत होती. आज बँकेबाहेर रांग लागलीय, तिकडे बघा. खणखणीत नाणी आणा दुपारपर्यंत. नाही तर व्यापारी बसलाच आहे आत."

आतून खरोखरच कोणी तरी खाकरलं.

बाईंनी मला पदराखाली घट्ट धरलं आणि त्या जवळजवळ पळतच सुटल्या. त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती आणि माझी त्यांना येत नव्हती, एवढंच सुख.

मालक म्हणाला होता, सगळे एकदम थोडेच येणार आहेत. तर सगळे एकदम आले होते. खाटीक होता. आरशावाली शिक्षिका होती, न विंचरलेल्या केसांनी. मी ज्यांच्या ज्यांच्या हातून गेले होते ते सगळे जणू मला जाब विचारायला जमले होते. कोणी तरी बातमी आणली होती की मालकानं सगळा पैसा एका बुडालेल्या जहाजात घातला होता. कोणी म्हणत होतं, खोटं आहे. पण खोटं म्हणणाराही रांगेतून हलत नव्हता.

रांगेत बरंच पुढे डांबऱ्याचा बाप उभा होता. बाईंना शेवटी उभं राहिलेलं पाहून त्यानं हाक मारली.

"अगं पोरी, इथं काय करतेस? तुझा तर आज जागेचा वायदा ना?"

"म्हणून तर आलेय काका. नाणी लागतात म्हणे."

"मग मागं काय उभी राहतेस! ये, माझ्या जागी ये. मी जातो मागं."

"नको नको. तुझा नंबर गेला तर?"

"मला कुठं घाई आहे? उद्या नाही तर परवा. बँक काही पळून जात नाही, आणि पूल तर मुळीच नाही."

रांगेतला एक जण खेकसला, "ओ आजोबा, इथं धर्मशाळा नाही उघडली!"

"एक बाहेर आणि एक आत, तुझं काय नुकसान झालं रे? आणि आयुष्यभर या गावाला रांगेत मीच उभं केलंय पुलावर. मला शिकवतोस?"

लोक हसले. त्या सकाळी त्या रस्त्यावर तेवढंच एक हसू झालं असेल. म्हातारा मागे गेला. जाताना त्याच्या खिशातून माझी उजवी बाजू डोकावत होती. आम्ही एकमेकींजवळून गेलो. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मी वटायला चालले होते, आणि ती मागे.

आत गेलो. मालक गल्ल्यामागे उभा होता, चेहऱ्यावर हसू चिकटवल्यासारखं. मागच्या खोलीतून तबक भरभरून नाणी येत होती आणि ती गरम होती. शेगडीवर तापवून आणत होते, म्हणजे लोकांना वाटावं की टांकसाळीतून आत्ताच आली. रोखपाल प्रत्येकाला मुद्दाम बारीक नाणी देत होता, मोजत होता, चुकत होता, पुन्हा मोजत होता. वेळ काढायचे सगळे उपाय चालले होते.

बाईंनी मला पुढे केलं. रोखपालानं मला उलटं केलं, सुलटं केलं, आणि थांबला. त्याची नजर माझ्या डाव्या कोपऱ्यावरून उजव्या कोपऱ्यावर गेली. पुन्हा डाव्या. जन्मभर ज्याची भीती वाटली ते घडत होतं.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "ही नोट..."

"काय झालं?" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" मागचा माणूस म्हणाला. त्याच्या मागच्यानं विचारलं, "नाकारली का?" आणि तो शब्द दाराबाहेर गेला, रस्त्यावर गेला, मोठा होत गेला. नाकारली! नोटा नाकारायला लागले! दारावर खांदे आदळले. खिडकीची एक काच फुटली.

रोखपाल पांढराफटक पडला. नंबर जुळत नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते बरोबरच होतं. पण त्या गर्दीत बरोबर बोलणं ऐकायला कोण होतं? मालकानं त्याच्याकडे पाहिलं. रोखपालानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी बँक, तो आणि मी, तिघंही सारखेच घाबरलेले होतो.

"नोट चांगली आहे!" तो ओरडला. "अहो, चांगली आहे! हे घ्या बाई, हे बघा सगळ्यांनी, सोनं!"

आणि त्यानं बारीक नाणी बाजूला सारून सोन्याची नाणी फटाफट मोजली, एकदाच. बाईंनी ती पदरात घेतली. चटका बसला असेल, पण त्या हलल्या नाहीत. त्या निघताना मघाच्याच हळू आवाजात, ओठही न हलवता रोखपाल म्हणाला, "हिची जोडी ज्याच्याकडे असेल, त्याला लवकर पाठवा."

बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

वटलेल्या नोटेवरची सही फाडायची आणि तिला शेगडीत टाकायचं, असा बँकेचा नियम. मी डोळे मिटून वाट पाहत होते. पण रोखपालाला सवड मिळाली नाही. त्यानं मला नुसतं खणात टाकलं. खणाच्या फटीतून मी नंतरची थोडी नाणी जाताना ऐकली. मग तबक रिकामं आलं. मग मालकाचा आवाज, "दार लावा." मग अडसर पडल्याचा आवाज.

आणि बाहेरून, खूप मागून, एक म्हातारा आवाज: "अहो, उघडा की. माझ्याकडे पुलाची आहे."

तो आवाज मी विसरले नाही. माझी उजवी बाजू त्याच्या खिशात होती. म्हणजे माझं अर्धं अंग आत होतं, वचन पाळून. आणि अर्धं बाहेर, दार ठोठावत. तेव्हापासून कोणी मला खरी म्हटलं की मला त्या दाराबाहेरचं आठवतं, आणि कोणी खोटी म्हटलं की पदरातली ती गरम नाणी आठवतात. मी कोणत्या बाजूनं बोलू, ते अजून ठरलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. खणाला सील लागलं. कित्येक वर्षांनी कोणी ते टेबल विकत घेतलं, त्यात मी सापडले. छंद म्हणून नोटा जमवणाऱ्या एका डॉक्टरांच्या वहीत राहिले. त्यांच्यामागे मी एका संग्रहालयात आले. इथे काचेत ठेवतात, उजेड मंद असतो, कोणी घडी घालत नाही. सुरक्षित आहे म्हणा. पण मला सुरक्षिततेचीही धास्ती वाटते. ती किती दिवस टिकेल, कोण जाणे.

अलीकडेच इथे एक लाँड्रीवाला आला, कपाळावर घाम, हातात प्लॅस्टिकची पिशवी. जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या इथल्या बाईंसमोर त्यानं पिशवीतून एक नोट काढली. पूल. जोड. जोडावर निळा अंगठा.

मी काचेत थरथरले. ती माझी उजवी बाजू होती.

"ही आमच्या घरात कायमची आहे," तो म्हणाला. "इथं अशीच एक आहे असं पेपरात वाचलं. अंगठ्याचा फोटो बघून आलो."

"तुमच्या पूर्वजांची आहे का?"

"आमची नाही हो. आमच्या शेडमध्ये एक म्हातारा राहायचा, त्याची. आमची खापरपणजी रंगारीण होती. बँक बुडाली त्या दिवशी म्हाताऱ्यानं तिला आपली जागा दिली. तिची नोट वटली, ह्याची राहिली. ती नाणी घेऊन जागेवाल्याकडे गेली, शेड नावावर केली, आणि तशीच परत जाऊन ह्याला हाताला धरून घेऊन आली. मग तो तिथंच राहिला, हौद ढवळायचा. बंदरावरचा त्याचा मुलगा सुट्टीला येऊन भेटून जायचा. चल म्हणाला तर म्हातारा म्हणायचा, बँक उघडली की येतो."

"आणि शेड?"

"आहे की. तिथंच तर माझी लाँड्री आहे. म्हातारा रोज सकाळी विचारायचा म्हणे, 'बँक उघडली का गं?' आणि खापरपणजी सांगायची, 'उद्या.' मरेपर्यंत. आमच्या घरात अजून कोणाला काम टाळायचं असलं की म्हणतो, बँक उघडली की करतो."

दुरुस्तीच्या बाईंनी दोन्ही नोटा शेजारी ठेवल्या आणि भिंग लावलं. कोपऱ्यांतले चारही नंबर वाचले. मग म्हणाल्या, "अहो, उजव्या बाजू बदलल्यात! हिची तिला, तिची हिला. हलकी वाफ दिली तर खळ सुटेल. मग नंबराप्रमाणे नीट लावता येतील. दोन्ही अस्सल होतील."

वाफ. पुन्हा वेगळं होणं. माझा जीव मुठीएवढा झाला. मला माझी उजवी बाजू हवी होती का? खरं सांगते, हवी होती. आणि नको होती. माझ्या या सोबतिणीला, जी माझ्यासोबत वटली, तिला मी कुठल्या तोंडानं जा म्हणू?

लाँड्रीवाला हसला. "वाफेचं मला नका सांगू बाई, दिवसभर तेच करतो." मग म्हणाला, "पण असं बघा. तुम्ही बदललंत तर खापरपणजीची नोट अर्धी बुडालेली होईल आणि म्हाताऱ्याची अर्धी वटलेली. मग आमच्या घरात सांगतात ते खोटं पडेल. राहू देत अशाच."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग शेजारी ठेवू का दोघींना?"

"ते चालेल."

तेव्हापासून आम्ही एकाच काचेत आहोत. मध्ये बोटभर अंतर. तिच्यावर चौकी आहे, चौकीच्या दारात ठिपका आहे. इतकी वर्षं मी घाबरत होते की ती भेटली तर काय विचारेल. मला वाटायचं, तू आत होतीस आणि मी बाहेर, असंच ती म्हणेल. तसं काहीच तिनं म्हटलं नाही.

वाचकहो, कधी या काचेसमोर आलात तर आमचं चित्र बघा, अंगठा बघा. फक्त आमच्यावरचं ते वाक्य मोठ्यानं वाचू नका. 'मागेल त्याला' हे शब्द कानावर पडले की मला अजून धस्स होतं. वाटतं, मागतोय कोणी तरी.

कारण एक जण रोज मागतेच. सकाळी दिवे लागले की माझी उजवी बाजू हळूच विचारते, "बँक उघडली का गं?" माझा आवाज नेहमीसारखा कापतो. मी सांगते, "उद्या."

हेही एक वचनच झालं, कळतं मला. पण मला दुसरं काही येत नाही.